कोरडी जागा

पौडहून मुळशीकडे जाणारी संध्याकाळची एसटी माल्याच्या फाट्यावर थांबली, की गोजराबाई हातातलं काम टाकून अंगणाच्या कडेला येई. तिचा मुलगा भिकू कोथरूडच्या एका कारखान्यात फिटर होता. उतरणाऱ्या माणसांत त्याची खाकी पिशवी दिसली, की ती आत वळे आणि चुलीवर चहाचं आधण ठेवी. गाडी वाटेत बंद पडली तर आधण आटून जाई. मग ती पुन्हा पाणी ओते आणि पुन्हा बाहेर येई. नवरा गेल्यापासून तिचा दिवस त्या एका गाडीला बांधलेला होता.

म्हणून भिकूने पुण्याला बिऱ्हाड करायची गोष्ट काढली, तेव्हा ती अर्ध्या जेवणावरून उठली.

त्याचंही चूक नव्हतं. आदल्या वर्षी श्रावणात त्याच्या बायकोला, लीलेला, कळा सुरू झाल्या आणि नेमकं ओढ्याला पाणी आलं. गाड्या बंद. बैलगाडीत घालून, वर इरलं धरून तिला पौडला नेलं, पण दवाखान्यात पोचायच्या आतच पोर पोटातच गेलं होतं. लीलेला माहेरी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच व्हायचं. आता तिला पुन्हा दिवस राहिले होते आणि भिकू हट्टाला पेटला होता. कोथरूडला चाळीत दोन खोल्या मिळत होत्या. दवाखाना हाकेच्या अंतरावर.

“आये, तू बी चल,” तो म्हणाला. “हितं काय ठेवलंय?”

“एकदा उठवलंय मला घरातनं,” गोजराबाई म्हणाली. “आता न्हाई उठायची.”

ती गोष्ट भिकू लहानपणापासून ऐकत आला होता. मुळशीचं धरण झालं तेव्हा गोजरा सात-आठ वर्षांची होती. तिच्या माहेरचं गाव पाण्याखाली गेलं. बापाने दाराच्या फळ्या, वासे, जातं गाडीत घातलं, आईने चुलीतला विस्तव मडक्यात घेतला आणि सगळे निघाले. पुढे बापाने दुसरीकडे घर बांधलं, पण ते तिला कधी आपलं वाटलं नाही. लग्न होऊन माल्याला आली, नांदली, म्हातारी झाली, तरी डोळे मिटले की दिसायची ती जुन्या घराची पायरी. काळ्या दगडाची, ऐसपैस, मधोमध झिजून वाटीसारखा खळगा पडलेली. त्या पायरीवर बसून ती दुपारभर गजगे खेळायची. राखी रंगाची टणक बी, तो गजगा, दगडावर घासून घासून तापवायचा आणि हळूच कुणाच्या दंडाला टेकवायचा, की चटका बसून ते माणूस उडायचं. मग आतून लाह्या यायच्या आणि ओंजळीत पडायच्या. गरम लाह्यांचा तो वास तिला अजून एखाद्या दुपारी कुठूनही यायचा.

तोड काढली ती लीलेने. ही मुलगी कमी बोलायची, पण बोलली की दोन्ही बाजूंना ऐकावं लागे.

“मला पुन्याची हौस न्हाई,” ती म्हणाली. “पर औंदा मी वल्या भुईवर निजायची न्हाई. आत्याबाई, एक खोली वाढवू. निस्ती कोरडी खोली द्या मला, मग मी हितंच हाय.”

घर तसं लहानच होतं. दोन खण, त्यातल्या एकाच्या टोकाला शेळ्या, चुलीचा धूर कौलांतून जाईल तेवढा जाई. पावसाळ्यात भुईला असा ओलावा धरायचा की गोधडीला बुरशी यायची. भिकूने पुष्कळ विचार करून होकार दिला. खोली पावसाच्या आत उभी राहिली पाहिजे, आणि दिवस भरत आले की पौडच्या नर्सबाईंना घरी आणून ठेवायचं. खोली धड झाली नाही, तर बिऱ्हाड हलवायचं. मग पुन्हा रडारड नको, असंही त्याने बजावलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली जातं. गाळाला भेगा पडतात, आणि पाण्यात बुडालेल्या गावांची जोती उघडी पडतात. भिंती कधीच विरघळून गेलेल्या. नुसत्या दगडी चौकटी, घराला घर लागून, जशी होती तशी. गुराखी त्यांच्यावर बसून भाकरी खातात. आसपासचे लोक घडीव दगड लागले की तिथून आणत. गोजराबाईने हट्ट धरला की दगड आणायचे तर आपल्या बापाच्या घराचेच आणायचे, आणि जोत्यातली माती भरावाला आणायची. मुरलेली माती, पुन्हा खचायची नाही.

भिकूने गाडी जुंपली. ती त्याच्याबरोबर गेली. पन्नासेक वर्षांत प्रथमच ती त्या गाळावर उभी राहत होती. गाळाने सगळ्या खुणा सपाट केल्या होत्या. देवळाचा चौथरा ओळखू आला, पण पुढे आळी कुठली, बोळ कुठला, काही उमगेना. ऊन चढलं. भिकू कंटाळला. ती एकेका जोत्यावर चढून पायाने गाळ बाजूला करत राहिली, आणि मग तिचा अंगठा एका खळग्यात गेला.

तिने वाकून हाताने गाळ काढला. काळा दगड, मधोमध वाटीएवढा खळगा.

“हेच,” ती म्हणाली, आणि तिथेच बसली. भिकूने आईला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाय खाली सोडून, पोरीसारखी.

पायरी, जोत्याचे दगड आणि आतली माती, सगळं खेपा करून माल्याला आलं.

बांधकामाला पौडचा जैनुद्दीन गवंडी होता. गोजराबाईच्या नवऱ्याचा जुना दोस्त, तोंडाचा फटकळ, हाताचा साफ. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो हात धुताना हसला.

“आक्का, दगड लई शहाणे हायेत तुमचे. एकाला बी छिन्नी लावाया लागली न्हाई. ढिगातनं कुठला बी उचलावा, त्यो शेजारच्याला जाऊन चिकटतुया. असंच चाललं तर गवंड्यांनी काय, शेरडं राखायची?”

“माझ्या बाच्या घरचे हायेत,” गोजराबाई म्हणाली. तिला बरं वाटलं.

जोतं झालं, भराव पडला, तो ठोकून बसवायला धुम्मस सुरू झाली. जैनुद्दीन धुम्मस उचलून आपटत होता आणि मधेच थांबून कान देत होता. एकदा त्याने वाकून मातीतून काहीतरी काढलं, तळहातावर धरून पाहिलं आणि परत त्याच जागी दाबून टाकलं. गोजराबाईने विचारलं, तर काही नाही म्हणाला. मात्र तेवढी जागा सोडून तो बाजूने ठोकत राहिला.

अडलं ते पायरीपाशी. नव्या खोलीचं दार पूर्वेला, अंगणाकडे काढायचं ठरलं होतं. पण पायरी तिथे बसेना. खाली चिपा घाला, मुरूम घाला, पाय ठेवला की ती डुगडुगायची. दिवस गेला. वैतागून जैनुद्दीनने ती मागच्या अंगाला, पश्चिमेच्या बाजूला, जोत्याला टेकवून ठेवली आणि घरी गेला.

सकाळी येऊन पाहतो तर पायरी आडवी होऊन बसली होती. जोत्याला सांधा मिळालेला, पाणी ठेवलं तर हलू नये इतकी सपाट. रात्री कलली असेल, असं भिकू म्हणाला. दोघांनी पहारी घातल्या. पहारी वाकायला आल्या, पायरी हलली नाही.

“मावळात कुनी मावळतीला दार काढतं का?” जैनुद्दीन म्हणाला. पाऊस तिकडून येतो. झड सरळ आत घुसते.

पण आकाश भरून यायला लागलं होतं आणि भिकूला घाई होती. दार मागे काढू, बाहेरून पेंढ्याचा आडोसा बांधू, असं ठरलं. गोजराबाईला आठवत होतं की तिच्या बापाच्या घराचं दार उगवतीला होतं. बाप अंघोळ करून दारातूनच सूर्याला पाणी घालायचा. हे तिला त्या सकाळी स्पष्ट आठवलं, पण तिने ते मनात मागे सारलं. खोली वेळेत होणं महत्त्वाचं होतं. भिकूचा हात त्या चाळीच्या खोल्यांवरून अजून पुरता निघालेला नव्हता.

कौलं चढली आणि पाऊस लागला. शहाबादी फरशी पावसाळ्यानंतर बसवायची होती, कारण नवा भराव एक पावसाळा बसू द्यावा लागतो. तोवर भुई चोपून सारवून घेतली. लीला आपली गोधडी, ट्रंक आणि देवाची तसबीर घेऊन नव्या खोलीत गेली. त्या दिवशी भिकूने पुण्याहून पेढे आणले आणि चाळीच्या मालकाला नकार कळवल्याचं सांगितलं. गोजराबाईने पेढा देवापुढे ठेवला. तिला हवं होतं ते झालं होतं.

मुळशीतला पाऊस लागला की दिवसच्या दिवस उजेड फुटत नाही. आडोसा असूनही झड दारातून आत यायची आणि खोलीची भुई कायम ओलसर राहायची. पण सगळी नाही. लीलेनेच ते आधी पाहिलं.

“आत्याबाई, बघा की. भिताडाकडनं तीन जागा कशा खडखडीत ऱ्हात्यात.”

खरंच होतं. आतल्या भिंतीला लागून, एकीशेजारी एक, तीन लहान लांबट जागा. बाकीची भुई ओलीने काळी पडलेली आणि तेवढ्या पांढऱ्या. हात लावला तर उबदार. माती मुरलेली आहे, तिचा गुण, असं गोजराबाई म्हणाली. लीलेने आपली गोधडी त्यांच्याजवळ ओढली. तिथे झोप चांगली लागते, म्हणाली.

महिने चढत गेले तशी लीला जड झाली आणि सारवण गोजराबाईने आपल्याकडे घेतलं. शेणाचा काला करून, मागे मागे सरकत, हाताच्या कमानी टाकत ती खोली सारवायची. एका दुपारी अशीच सारवून ती शेळ्यांना पाला टाकायला गेली. परत आली तेव्हा लीला भिंतीजवळ निजली होती. तिने डोळे उघडले.

“पुन्यांदा कशापायी सारवलंत? झोपेत पायावर शितोडे उडाले माझ्या.”

“मी कुटं सारवलं?”

लीलेने भुईकडे बोट केलं.

सारवण ताजं होतं. वास येत होता. गोजराबाईने दारातून पाहिलं आणि आधी तिला काय खटकतंय तेच कळेना. भुई छान सारवलेली होती. तिच्यापेक्षाही छान, कडेपर्यंत. मग तिने आपला उजवा हात पुढे करून हवेतच कमान काढून पाहिली. उजव्या हाताने सारवलं की बोटांच्या रेघा एका अंगाला झुकतात. या दुसऱ्या अंगाला झुकल्या होत्या. एकूण एक.

डाव्या हाताने सारवलं होतं.

ती पायरीवर बसली. पाऊस तिच्या पाठीवर येत होता. तिचा हात आपोआप त्या खळग्यात गेला आणि तिला लाह्यांचा वास आला. ओंजळीत लाह्या पडत होत्या. त्या टाकणारा हात तिने इतक्या वर्षांत कधी नीट आठवला नव्हता. तिला वाटायचं, आई. आई उजव्या हाताची होती. तो हात डावा होता, आणि मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या.

सगुणाकाकी.

शेजारची. दिरांनी वाटण्या केल्या तेव्हा तिच्या वाट्याला घराचं मागलं अंग आलं, म्हणून अख्ख्या गावात तिचं एकटीचं दार पावसाकडे होतं. बायका तिच्या डाव्या हाताला हसायच्या. गोजराची आई कामाला निघाली की पोरगी शेजारी टाकायची, आणि गोजरा दिवसभर त्या मागल्या पायरीवर असायची. स्वतःच्या घराच्या पायरीवर ती कधी खेळलीच नव्हती. तिथे बाप खाट टाकून असायचा. घर म्हणून ती आयुष्यभर जे आठवत आली, ते तिचं घर नव्हतं.

सगुणाकाकीला तीन पोरं झाली होती. तिन्ही तान्ही असतानाच गेली. त्या गावात तान्ह्या पोराला लांब नेत नसत. घरातच, भिंतीशी, भुईत ठेवत.

गाव सोडायच्या दिवशी गाड्या भरून उभ्या होत्या आणि सगुणाकाकी घर सारवत होती. गोजराने दारात उभं राहून विचारलं होतं, आता पाणी येणार, मग सारवतीस कशाला? काकीने मान वर केली नव्हती. डावा हात फिरत होता.

“पोरं हायेत माझी. वल्या जागी कशी निजवू त्यांना? आन्‌ टाकून तरी कशी जाऊ?”

मग आईने हाक मारली. गोजरा निघाली तेव्हा काकी उठून पायरीवर आली आणि तिच्या डोक्यावर शेणाचा हात लागू नये म्हणून कोपराने तिला जवळ ओढलं. दुपारी खेळून दमली की काकी तिला आत भिंतीशी निजवायची, पोरांच्या ओळीला. त्यावरून ती म्हणाली, “जा गोजे. तुझी जागा मी वली हू द्यायची न्हाई.”

काकीचं पुढे काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. नवरा एकटाच कुठल्याशा गावी दिसला होता म्हणे.

गोजराबाई पायरीवरून उठली. जैनुद्दीनला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी भिजत आला. तिने त्याला एवढंच सांगितलं की खोलीतला भराव काढून टाकायचा आहे. त्याने कुदळ आणली होती, पण ती खांद्यावरून उतरवली नाही. दारातूनच भिंतीकडे बघत राहिला.

“काय सापडलं व्हतं तुला?” गोजराबाईने विचारलं.

“मनगट्या,” तो म्हणाला. “तान्ह्याच्या. काळं मनी, मंदी एक पांढरा. दोरा गेला व्हता, मनी तसंच गोल पडलं व्हतं. हातात घेतलं तवा आक्का…” त्याने कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. “मी उकरनार न्हाई. दुसऱ्या कुनाला बी सांगू नका. सुनंला हितनं हलवा.”

सुनेला हलवायचं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. जुन्या खणात लीला बाळंतपणाला राहायची नाही. भिकू त्या दिवसाची वाटच पाहत होता. एकदा बिऱ्हाड हललं की ते परत येत नसतं. संध्याकाळची गाडी थांबेल, माणसं उतरतील, त्यांत खाकी पिशवी नसेल. चुलीवर आधण ठेवायला कारण उरणार नाही.

एक दिवस बघू, असं मनाला म्हणाली. लीलेला तिने आपल्याजवळ, जुन्या खणात निजवलं आणि खोलीला बाहेरून कडी घातली.

सकाळी पाऊस थोडा उघडला होता. तिने कडी काढली.

भुई सारवलेली होती. ओली, चकचकीत, सगळ्या रेघा त्या दुसऱ्या अंगाला झुकलेल्या.

भिंतीशी तीन कोरड्या जागा होत्या.

त्यांच्या शेजारी चौथी होती.

नवी. कडा अजून ओल्या. कुणीतरी हात फिरवत फिरवत आलं होतं आणि तेवढी जागा वळसा घालून सोडली होती. पहिल्या तिन्हींपेक्षा ती मोठी होती, हे गोजराबाईच्या नजरेला आलं. पण त्यावर विचार करायला तिला सवड नव्हती.

ती जुन्या खणात गेली. लीला चुलीपुढे बसून डाव्या हाताने भाकरी थापत होती.

“लीले,” गोजराबाई म्हणाली. “त्यो हात बदल.”

लीलेने हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच होता. मग हसली आणि भाकरी उजव्या हातात घेतली. उजवा दुखतोय थोडा, म्हणाली.

भिकूची त्या दिवशी दुसरी पाळी होती. तो निघायच्या आत गोजराबाईने लीलेचं गाठोडं बांधलं. भिकूने कारण विचारलं. ओढ्याला पाणी वाढायच्या आधी जा, ती म्हणाली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाठोडं उचललं. ट्रंक खोलीत होती. ती तिने स्वतः आत जाऊन आणली, भिंतीकडे न बघता.

गाडी आली. लीला चढली. गोजराबाई फाट्यावर उभी राहिली, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

चाळीतल्या त्या दोन खोल्या गेल्या होत्या, पण त्याच चाळीत वरच्या मजल्यावर एक मिळाली. नवरात्रात लीला दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी झाली, धडधाकट, मोठ्या आवाजाची. गोजराबाई बारशाला गेली. पाळण्याची दोरी तिने ओढली, कुर्रर्र केलं, नातीच्या मुठी उघडून पाहिल्या. दोन्ही हात सारखेच हलत होते. तिने आपला अंगठा पुढे केला, तो मुलीने उजव्या हाताने धरला. त्या रात्री गोजराबाई कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

निघताना भिकू तिची पिशवी सोडेना.

“आता तरी ऱ्हा, आये. तितं एकटी काय करनार?”

“शेरडं हायेत. घर हाय. टाकून कशी येऊ?” ती म्हणाली.

वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ओळखीचं वाटलं. गाडीत बसल्यावर चांदणी चौक मागे पडला, पिरंगुटचा घाट उतरला, तरी ते कानात होतं.

ती माल्याला उतरली तेव्हा दुपार होती. पाऊस संपून पंधरवडा झाला होता. ऊन कडक होतं, भातं पिवळी पडत होती, अंगणातली माती वाळून भुरभुरीत झाली होती. शेजारच्या चंद्राबाईने शेळ्या सांभाळल्या होत्या. त्या तिने परत आणून बांधल्या, नातीचं नाव काय ठेवलं ते ऐकलं, आणि घरी गेली. गोजराबाईने पाय धुतले. चुलीत लाकडं घातली. मग पेटवायच्या आधी उठली, मागच्या अंगाला गेली आणि नव्या खोलीची कडी काढली.

ती पुण्याला गेली तेव्हा खोली बंद होती. आता भुई ओली होती. इतक्या उन्हात, ताजी सारवलेली, शेणाचा वास भरलेला.

भिंतीशी तीन कोरड्या जागा होत्या. चौथीही होती, जिथे होती तिथेच.

तिने आता ती नीट पाहिली. तान्ह्या मुलाला ती फार लांब होती. सात-आठ वर्षांचं एखादं पोर पाय पोटाशी घेऊन तिथे आरामात निजलं असतं.

तिच्या मधोमध गजगे ठेवलेले होते. लहानपणी ती पायरीवर मांडायची तसे, चार कडेला आणि एक मधे.

गोजराबाईने लुगड्याचा ओचा वर खोचला. मग ओल्या भुईवर पाय पडणार नाही अशी कडेकडेने आत गेली, वाकली आणि मधला उचलला.

तिने तो लगेच खाली टाकला. तिच्या बोटांना चटका बसला होता.